भिंतीवरचे शंकरपाळे

दिवाणखान्याची एक भिंत इतर तिघींपेक्षा वेगळी रंगवून तिच्यावर पट्टे, चौकडे किंवा शंकरपाळे काढण्याची पद्धत मराठी घरांत आता चांगलीच रुळली आहे. या कामात ठरवणे, आखणे आणि रंगवणे असे टप्पे येतात. त्यांतला रंगवण्याचा टप्पा सर्वांत छोटा, पण घरातली मंडळी रजा काढतात ती नेमकी त्याच्यासाठी. साध्या भिंतीचे एक बरे असते. ती वाकडी असली तरी वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तिच्यावर सरळ रेघांची नक्षी आखायला घेतली की तासाभरात कळते, बिल्डरने नकाशात दाखवलेले काटकोन नकाशातच राहून गेले आहेत.

चुन्याच्या जमान्यात हा प्रश्न उद्भवत नसे. चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंती पांढऱ्या करत, आणि भिंतीला टेकून बसणाऱ्यांच्या पाठीही त्याबरोबर पांढऱ्या होत. त्यावर उपाय म्हणून जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत ऑइलपेंटचा गडद पट्टा, त्याच्यावर चुना किंवा डिस्टेंपर आणि दोन्हींच्या सांध्यावर बोटभर रुंद रेघ अशी रचना आली. शाळा, कचेऱ्या, दवाखाने आणि चाळींचे जिने यांत ती अजूनही दिसते. हा पट्टा हौसेचा नव्हता, तो तेल लावलेल्या डोक्यांसाठी होता. जिन्याच्या कोपऱ्यात लावलेल्या देवादिकांच्या टाइल्स याच कुळातल्या. तिथे सगळ्या धर्मांचे देव एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात ते पान खाणाऱ्यांच्या कृपेने. निव्वळ हौसेची नक्षी वाड्यांत असे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात पेशवाईतली भित्तिचित्रे अजून पाहायला मिळतात. ती काढणाऱ्यांपुढे भिंतीच्या ऐन मध्यावर स्विचबोर्ड नव्हता, ही गोष्ट त्यांचे कौतुक करताना ध्यानात ठेवावी.

भिंत कोणती घ्यायची हे बहुधा उरलेल्यावरून ठरते. हॉलच्या एका भिंतीत बाल्कनीचे दार असते, दुसरीत आत जाण्याची वाट. तिसरीपुढे शोकेस असते. तिच्यात मुलांच्या ट्रॉफ्या, कधीही न वापरलेला टी-सेट आणि कुठल्याशा सहलीतून आणलेला शंखांचा गणपती असतो, आणि ती जागची हलणार नाही असे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने केव्हाच सांगून ठेवलेले असते. उरते ती सोफ्यामागची नाहीतर टीव्हीमागची. सोफ्यामागची घेतली तर पाहुणे नक्षीकडे पाठ करून बसतात. टीव्हीमागची घेतली तर 55 इंची टीव्ही मधले चार फूट झाकून टाकतो, आणि उरलेल्या भागाकडे टीव्ही चालू असेतो कोणी बघत नाही. दोन्ही पक्षांच्या बाजूने घरात भरपूर बोलले जाते. शेवटी पेंटर ज्या भिंतीपुढे आपला लाकडी घोडा उभा करतो ती भिंत ठरते.

नमुना मोबाइलवर सापडतो. फोटोतल्या खोलीत एक खुर्ची, एक झाड आणि जमिनीवर मुद्दाम तिरके ठेवलेले एक पुस्तक असते. चपलांचे कपाट, इन्व्हर्टर, कॅलेंडर, घड्याळाचा खिळा आणि केबलवाल्याने भिंतीवरून सोडलेली काळी वायर असला संसार त्या खोलीत नसतो. आडवे पट्टे काढायला सोपे, पण ते शाळेची आठवण करून देतात. उभ्या पट्ट्यांनी खोली उंच भासते, आणि जिथे पंखा आधीच डोक्याला लागेल असे वाटते तिथे लोकांना तेच हवे असते. स्टेन्सिलने फुलांची वेल काढता येते. तीत ब्रशवर रंग अगदी बेताचा घेऊन ठोक्याठोक्याने लावावा लागतो. हौशी माणसाचा हात हटकून सढळ असतो, रंग पत्र्याखाली पाझरतो आणि जाईच्या पाकळ्या जास्वंदीएवढ्या होतात.

वारली चित्रांनाही मोठी मागणी आहे. मुळात ही चित्रे डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या घरांच्या आतल्या भिंतींवरची. कुडाची भिंत सारवून, तिला गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूची टोक चावून मऊ केलेली काडी बुडवायची आणि चित्र काढायचे. लग्नघरात सवाशिणी चौक लिहितात. त्याच्या मध्ये पालघट देवी असते, आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. 1970च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली, आणि ज्यांच्या कागदावरच्या चित्रांनी ती जगभर नेली त्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. एवढा प्रवास करून वारली चित्र आता कागदावरून परत भिंतीवर येते, ते सहाव्या मजल्यावरच्या टूबीएचकेत. तारपा नाचात तारप्याकडे पाठ करायची नसते. फ्लॅटमध्ये मात्र नाचणाऱ्यांचा वेढा मधल्या बोर्डाला वळसा घालून जातो, अर्धी मंडळी खिडकीकडे तोंड करतात आणि तारपा वाजवणारा थ्री-पिन प्लगशेजारी उभा राहतो. तरी लग्नासाठी नव्हे तर ईएमआय फिटल्याच्या आनंदात काढलेले म्हणून ते चालवून घेतले जाते.

एवढ्या सगळ्यांतून बहुमताने निवडून येतात ते शंकरपाळे. म्हणजे उभट, तिरक्या चौकोनांची जाळी, एक ओळ गडद आणि एक फिकी. फोटोत ती फार सोपी दिसते.

रंग निवडणे हे काम दुकानात होते. शेडकार्डावर हजारावर रंग असतात, प्रत्येकाला एक इंग्रजी नाव आणि एक आकडा. गिऱ्हाईक नावावर भाळते, दुकानदाराला आकडा लागतो, आणि घरातून निघताना ठरलेला मोरपंखी या दोहोंतही सापडत नाही. मग सासूबाईंची पैठणी दुकानात नेली जाते. दुकानदार काउंटर फडक्याने दोनदा पुसतो, पिशवीतून मलमलीत गुंडाळलेली साडी निघते, पदर उलगडला जातो आणि मागे सिमेंटच्या रंगासाठी उभे असलेले दोन ठेकेदारही वाकून बघतात. दुकानदार पदर जरासा हलवून विचारतो, "वहिनी, यातला नेमका कुठला?" कारण पैठणीचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. साडी हलली की हिरव्यातून निळा निघतो आणि निळ्यातून हिरवा. डब्यातल्या इमल्शनला ही सोय नाही. ते बसले त्या रंगाचे बसते. नवरा म्हणतो, "निळाच आहे हा." त्यानंतर रंगाच्या बाबतीत त्याचे मत कोणी विचारत नाही.

इथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण दुकानात त्या कोणी सांगत नाही. कार्डावरच्या बोटभर चौकोनात जो रंग सौम्य वाटतो तो सगळ्या भिंतीवर पसरला की भडक वाटतो, म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्यावी. शिवाय इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर गडद होते. पहिला हात मारून झाला की घरात जे रडगाणे सुरू होते, "किती पुचाट दिसतोय!", त्याला पेंटरचे उत्तर ठरलेले असते, "सुकल्यावर उठून दिसेल." हे तो भिंतीवरच्या प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणतो. रंगाबद्दल ते खरे ठरते.

आता आखणी. समजा भिंत 11 फूट 7 इंच रुंद आणि 9 फूट 4 इंच उंच आहे. फोटोतले शंकरपाळे दीड फुटाचे दिसतात म्हणून डाव्या कोपऱ्यापासून दीड-दीड फुटांच्या खुणा करत निघणारा माणूस उजव्या कोपऱ्यात पोचतो तेव्हा त्याच्याकडे 13 इंच उरलेले असतात. तिथे अख्खा शंकरपाळा मावत नाही, आणि अर्धा काढायला जागा जास्त होते. म्हणून एकूण रुंदीचे समान भाग करावेत. 139 इंचांचे आठ भाग केले की एक शंकरपाळा 17 इंच 3 सुतांचा होतो. एका इंचाची सुते आठ, त्यामुळे हिशेब चोख बसतो आणि सुतारही खूश होतो. घरातला इंजिनिअर मात्र खूश होत नाही. तो तेच गणित सेंटीमीटरमध्ये करतो, 44.13 असे उत्तर काढतो आणि पुढची तीन मिनिटे पट्टीवर तो तेरा शोधत बसतो. उंची 112 इंच, म्हणजे 28 इंचांच्या चार ओळी. एकूण गडद शंकरपाळे 32.

इतके झाल्यावर कोणीतरी भिंतीची उजवी बाजूही मोजते. ती 9 फूट 5 इंच निघते.

हा एक इंच या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. तो छताचा आहे की फरशीचा, हे शोधायला गवंड्याची पाण्याची नळी लागते. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके भिंतीच्या दोन बाजूंना धरली की पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभे राहते. त्यावरून समजते की फरशी थोडी उजवीकडे उतरली आहे, आणि सांडलेला चहा नेहमी शोकेसखालीच का जातो याचाही उलगडा होतो. ओळंबा सोडला की कोपऱ्याची कडा ओळंब्यात नाही असे दिसते. गुण्या लावला की कोपरा गुण्यात नाही असे दिसते. घरात अवजार जितके आणावे तितकी घराची किंमत उतरत जाते.

शास्त्राप्रमाणे वागणारा माणूस अशा वेळी पाण्याच्या पातळीवर विसंबून रेघ मारतो. रेघ निर्दोष आडवी येते आणि भयंकर वाकडी दिसते. कारण डोळा पाण्याची पातळी पाहत नाही, जवळची कडा पाहतो. उतरत्या फरशीवर सरळ ओळ ओढली की फरशीचा आणि ओळीचा फरक टोकाकडे वाढत जातो आणि दोष ओळीवर येतो. पेंटर यातले काही समजावून सांगत नाही. तो खोलीच्या मध्यावर उभा राहतो, एक डोळा मिटतो आणि म्हणतो, "नजरेनं घ्यायचं." मग तो इंच चार ओळींत थोडा-थोडा वाटून टाकतो. डावीकडे शंकरपाळा 28 इंचांचा, उजवीकडे जाईपर्यंत सव्वाअठ्ठावीस. ते कोणालाही कळत नाही. इंजिनिअरला ते कळते आणि आयुष्यभर सलत राहते.

खुणा झाल्या की दोरी मारायची. दोरीला गेरू किंवा नीळ चोळून, दोन्ही टोके ताणून धरून मधून सोडली की भिंतीवर रेघ उमटते. नक्षीच्या भिंतीवर गेरू चालत नाही, तो फिक्या रंगातून वर डोकावतो. म्हणून पेन्सिल वापरावी, तीही हलक्या हाताने. आता 32 शंकरपाळे आणि त्यांच्यामधली रिकामी जाळी सारखीच दिसू लागते. कोणते रंगवायचे हे कळावे म्हणून त्यांत फुली मारून ठेवण्याची रीत आहे. फुली ज्याने मारली त्यानेच रंगवायलाही घेतले तर रीत चांगली. तसे होत नाही.

"फुलीवाले सोडलेत मी. नीट."

"अहो, फुलीवालेच रंगवायचे होते!"

"फुली म्हणजे नाही. हो असेल तर बरोबरची खूण करतात."

हा वाद भिंतीच्या बाहेरही बराच लांब जातो. त्यात लग्नाच्या याद्या, बँकेचे फॉर्म आणि 2019 सालची किराणा यादी पुरावा म्हणून येतात.

रंगाच्या कडा सरळ याव्यात म्हणून मास्किंग टेप लावतात. ही टेप 1925 साली अमेरिकेत थ्री एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी तयार केली. त्या काळी दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती. सांध्यावर चिकटवलेला कागद काढताना त्याबरोबर ताजा रंगही निघून येई आणि कारखान्यातले रंगारी शिव्या घालत. ड्रू यांनी त्या शिव्यांकडे गांभीर्याने पाहिले. आपल्याकडे त्याच वैतागातून गवंडी, सुतार आणि प्लंबर या तिघांच्या एकमेकांविषयीच्या मतांपलीकडे काही निर्माण झालेले नाही.

पट्ट्यांच्या नक्षीत टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढता येते. शंकरपाळ्यांत तसे करता येत नाही, आणि हे फोटोत दिसत नाही. तिरकी रेघ घेतली तर एका शंकरपाळ्यापुरता गडद भाग तिच्या डावीकडे असतो, छेद ओलांडला की उजवीकडे. टेप तर नेहमी गडद भागाच्या बाहेरून लावायची. म्हणजे प्रत्येक छेदावर ती कापून रेघेच्या दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. 32 शंकरपाळ्यांच्या प्रत्येकी चार बाजू, एकूण 128 तुकडे, प्रत्येक तुकडा साधारण साडेसोळा इंच. बेरीज 176 फुटांच्या घरात जाते. बाजारातली टेपची गुंडाळी साधारण 20 मीटरची, म्हणजे 65 फुटांची. तीन लागतात. लोक दोन आणतात आणि तिसरीची गरज दुकान बंद झाल्यावर लागते. तेव्हा घरात सेलोटेप सापडते. ती लावू नये. लावतात. शिवाय शेजारी-शेजारी असलेल्या गडद शंकरपाळ्यांची टोके एकमेकांना भिडलेली असतात, आणि एकाची टेप दुसऱ्याचे टोक खाते. म्हणून आधी एक सोडून एक रंगवावेत आणि ते वाळले की उरलेले. दोन दिवसांचे काम चार दिवसांचे होते ते इथे.

टेपखालून रंग पाझरू नये यासाठी पेंटर लोकांची एक युक्ती आहे आणि ती खरोखर गुणी आहे. टेप बोटाने दाबून बसवल्यावर तिच्या कडेवरून आधी गडद नव्हे, खालचाच फिका रंग फिरवायचा. पाझरायचे ते तोच पाझरतो, फटी बुजवतो आणि फिक्यावर फिका असल्याने दिसत नाही. तो वाळला की वरून गडद रंगाचे दोन हात. कडा सुरीने कापल्यासारखी येते. या युक्तीला दोन तास जास्त लागतात, त्यामुळे ठरावीक रकमेत घेतलेल्या कामात पेंटरला ती आठवत नाही आणि रोजंदारीवर असला की आठवते.

टेप काढण्याची वेळही महत्त्वाची. दुसरा हात अजून ओलसर असताना, टेप स्वतःवरच मागे दुमडून, तिरकी, सावकाश ओढायची. रंग पूर्ण वाळू दिला तर टेपवरचा आणि भिंतीवरचा रंग एक होतो आणि कडेचे लचके निघतात. प्रत्यक्षात दुसरा हात मारून होतो तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो आणि पेंटर जेवायला जातो. नंतर त्याला दुसऱ्या साइटवरून फोन येतो. तिसऱ्या दिवशी टेप ओढली की तिच्याबरोबर रंग, रंगाबरोबर प्रायमर आणि प्रायमरबरोबर लांबी निघून येते. भिंत कच्च्या प्लास्टरपर्यंत उघडी पडते आणि मागच्या तीन दिवाळ्यांचे रंग थराथराने दिसतात. आजोबांना त्यातला पिस्ता रंग ओळखू येतो. पावसाळ्यात काढलेल्या नक्षीचे हे हमखास होते, कारण तेव्हा भिंतीतच ओल असते. पाऊस संपून दसरा-दिवाळी येईपर्यंतचा काळ या कामाला चांगला. त्यामुळे नेमका त्याच काळात पेंटर मिळत नाही.

भिंत पूर्ण झाली की लोक बघायला येतात. पाहणाऱ्यांचे ढोबळ वर्ग पाडता येतात. काहीजण आत येताच "किती घेतले?" विचारतात आणि कितीही सांगितले तरी त्यांच्या मेहुण्याकडे निम्म्यात झालेले असते. काहीजणांकडे हेच सहा वर्षांपूर्वी केले होते आणि "आता आम्ही काढून टाकलं." सोसायटीच्या सेक्रेटरींना ओल कुठून आली यातच रस असतो. चौथा प्रकार विरळा, पण घातक. तो काही बोलत नाही, सोफ्यावर बसतो, चहा घेतो, मान जराशी डावीकडे कलती करून भिंतीकडे पाहत राहतो आणि जाताना चपला घालता घालता म्हणतो, "वरून दुसऱ्या ओळीतला तो शेवटून तिसरा... नाही, काही नाही. छान झालंय." त्या दिवसापासून घरातल्या कोणालाही त्या भिंतीवर दुसरे काही दिसत नाही. तिथे कॅलेंडर लागते. कॅलेंडरशेजारी घड्याळ येते. गणपतीत पाच दिवस मखरामागे पडदा लावल्याने भिंत संपूर्ण झाकली जाते, आणि तेवढे दिवस घरात शांतता असते.

गडद शंकरपाळ्यांचे क्षेत्र धरले तर ते भिंतीच्या निम्मे, म्हणजे 54 चौरस फुटांच्या आसपास भरते. दोन हातांना एक लिटरचा डबा पुरतो आणि तळाशी थोडा रंग उरतो. तो टचिंगसाठी म्हणून माळ्यावर जातो. झाकण घट्ट बसवून त्यावर शेडचा आकडा लिहून ठेवायचा असतो. तो लिहिला जात नाही, आणि पुढे सोफ्याच्या पाठीने भिंत घासली गेली की पैठणी पुन्हा दुकानात जाते.

नक्षीचा कंटाळा साधारण पुढच्या रंगकामापर्यंत येतो. ती घालवणे हे काढण्याइतकेच कष्टाचे आहे. गडद रंगावर फिका रंग सरळ मारला तर शंकरपाळे खालून दिसत राहतात. आधी पॉलिश पेपरने घासून प्रायमरचा हात द्यावा, मग फिक्या रंगाचे दोन हात. तरीही टेपच्या कडेला रंगाचा जो बारीक उंचवटा साचलेला असतो तो राहतोच. सकाळी बाल्कनीतून ऊन तिरके आले की पांढऱ्या भिंतीवर बत्तीसच्या बत्तीस शंकरपाळे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट उठतात, आणि त्यांच्याबरोबर फुलीच्या वादात चुकून रंगवले गेलेले जादाचे दोनही. ते कायमचे घालवायचे तर सगळी भिंत लांबी भरून नव्याने घासावी लागते. त्याचा दर वेगळा पडतो, आणि तो पेंटर काम अर्ध्यावर आल्यावर सांगतो.